‘आल्या समटाइम्स हाइड्स हर फीलिंग्ज इन रशियन’ ही जपानी अ‍ॅनिमे (अ‍ॅनिमेशन) मालिका बघण्यासारखी आहे का? रशियन येत नसेल तर मजा जाते का?

बिनधास्त बघा. रशियनचा गंध नसला तरी अडत नाही, नायिका आल्या रशियनमध्ये पुटपुटली की खाली सबटायटल येतं.

आल्या अर्धी रशियन, अर्धी जपानी. अभ्यासात हुशार आणि नाकावर राग. शेजारच्या बाकावरच्या आळशी मसाचिकाला ती जपानीत झापते आणि लगेच तोंड फिरवून रशियनमध्ये मनातलं बोलून मोकळी होते. याला कुठे कळतंय, अशी तिची खात्री. पठ्ठ्याला मात्र शब्द न् शब्द कळतो! आजोबांच्या रशियन सिनेमांच्या नादाने तो लहानपणीच ती भाषा शिकलेला. ‘काय म्हणालीस?’ असं तो साळसूदपणे विचारतो, ती काहीतरी अपमानास्पद बोलल्याची थाप मारते, आणि आतून विरघळलेला हा गडी चेहरा कोरा ठेवायची पराकाष्ठा करतो. खरी धमाल तिच्या लाजण्यात नाही, त्याच्या या कसरतीत आहे.

डबिंगपेक्षा मूळ जपानीतच ऐका. आल्याला आवाज देणाऱ्या सुमिरे उएसाका यांनी विद्यापीठात रशियनचं शिक्षण घेतलंय, त्यामुळे ते संवाद घोकून म्हटल्यासारखे वाटत नाहीत.

पुढेपुढे विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीचं राजकारण घुसतं. मला ते जरा लांबल्यासारखं वाटलं, शिवाय अधूनमधून उगाच चावट दृश्यं आहेत, तेव्हा घरच्यांसोबत बसताना जपून. २०२४ मध्ये आलेला पहिला सीझन १२ भागांचा आहे, दोन संध्याकाळींत उरकतो. त्यानंतर चटक लागलीच तर मूळ लाइट नॉव्हेल (तरुणांसाठीच्या सचित्र, छोटेखानी जपानी कादंबऱ्या) मालिका आहे, ती २०२१ पासून येतेय.