तुम्ही विचारलंत: कोपऱ्यातला बार

प्रश्न: नमस्कार ताई, आमच्या हॉलच्या टोकाला साधारण पाच फूट रुंद आणि चार फूट खोल असा एक कोपरा आहे, भिंतीपलीकडे बाथरूम आहे. इतकी वर्षं तिथे जुनी रद्दी आणि मोडका पंखा पडलेला. आता मिस्टरांना तिथे छोटा बार करायचाय. सुतार म्हणतोय एल आकाराचं काउंटर आणि चार उंच स्टूल मस्त बसतील. मुलगी सात वर्षांची आहे. करावं का?

उत्तर: करा की, जरूर करा, पण काउंटरचं आधी जरा बाजूला ठेवा, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते "भिंतीपलीकडे बाथरूम आहे" हे वाक्य. आमच्या नात्यातल्या एका घरात अश्शाच भिंतीला सुंदर युनिट केलं होतं, मागे आरसा वगैरे, आणि सहा महिन्यांत मागची प्लाय फुगली, सनमायका कडेने सुटला, आरशाला काळे डाग पडले, दार उघडलं की कुबट वास. भिंत वरून कोरडीच दिसत होती हो! म्हणून आधी एक करा. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा, हवा जायला फट नको, आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. काढताना बघा, प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येतेय, मग पहिलं काम प्लंबरचं, सुताराचं नंतर. थेंब फक्त बाहेरच्या बाजूला असतील तर ती खोलीतल्या हवेतली वाफ आहे.

आता काउंटर. बारचं काउंटर साधारण ४२ इंच उंच असतं, त्याला स्टूल २८ ते ३० इंचांचं लागतं आणि एका माणसाला कोपर टेकून नीट बसायला २४ इंच तरी रुंदी हवी, म्हणजे चार माणसांना आठ फूट. तुमच्याकडे पाच आहेत. एलची दुसरी बाजू धरली तरी काउंटरच्या आत उभं राहून वळायला, खालचं दार उघडायला किमान ३० इंच जातात, काउंटरची फळी १८ इंचांची, झाले की चार फूट संपले! स्टूल मग हॉलमध्येच येणार आणि येता-जाता सगळे अडखळणार. माझ्यावर विश्वास ठेवू नका, जमिनीवर मास्किंग टेपने सगळं आखा, स्टूलच्या जागी घरातल्या खुर्च्या ठेवा आणि दोन दिवस तसेच वावरा, मिस्टरांना आपोआप पटेल.

मला विचाराल तर भिंतीवरचं उथळ कपाट करा आणि त्याला खाली पडणारी फळी द्या, बिजागरीवर, दोन्ही बाजूंना भक्कम आधार. ४२ इंचांवर उघडली की उभ्या-उभ्या ग्लास भरायला पुरते, काम झालं की बंद आणि कोपरा पुन्हा मोकळा. आतल्या दोन फळ्यांमध्ये १४-१५ इंच सोडा, नाहीतर उंच बाटल्या आडव्या ठेवायची वेळ येते. भरलेली ७५० मिलीची बाटली सव्वा-दीड किलोपर्यंत भरते, वीस बाटल्या म्हणजे पंचवीस-तीस किलो, त्यामुळे १८ एमएमची प्लायच घ्या आणि अडीच फुटांपेक्षा लांब फळी मधल्या आधाराशिवाय नको, झोळ येतो. फळीवर दगड लावणार असाल तर संगमरवर नको, लिंबाचा एक थेंब राहिला तरी चमक जाऊन फिकट डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. लाइट वॉर्म घ्या, एलईडी पट्टी फळीच्या पुढच्या कडेला आतून लपवा म्हणजे डोळ्यात जात नाही.

आणि कुलूप हवंच. मुलगी सात वर्षांची आहे, लहान मुलाच्या शरीराला थोडी दारूसुद्धा धोक्याची असते, साखर एकदम खाली जाऊ शकते. नुसती उंची पुरत नाही, त्याच उंच स्टुलांवर मुलं चढतात. स्टूल नकोत म्हणायचं माझं हे दुसरं कारण.

प्रश्न: बाटल्या आडव्या ठेवायच्या की उभ्या? अर्ध्या राहिलेल्यांचं काय?

उत्तर: बुचाची वाइन आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं आणि हवा आत शिरत नाही. व्हिस्की, रम मात्र उभ्याच, त्यातलं अल्कोहोल जास्त असतं, ते सतत लागून बूच खराब होतं. ऊन कशालाच नको. उघडलेली व्हिस्की महिनोन्‌महिने टिकते, तळाला थोडीशीच उरली असेल तर हळूहळू चव उतरते एवढंच. पण वर्मूथ ही मुळात वाइन आहे, उघडली की फ्रिजमध्ये ठेवा आणि महिना-दोन महिन्यांत संपवा, कित्येक जण ती वर्षभर फळीवर ठेवतात आणि मग कॉकटेल बिघडलं म्हणून बाकीच्या बाटल्यांना दोष देतात.