टॅरोचा पत्ता आणि मनातला प्रश्न

प्रश्न : मी 36 वर्षांची असून नाशिकमध्ये एका खासगी बँकेत नोकरी करते. मैत्रिणीने मला टॅरो कार्डांचा, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरतात त्या सचित्र पत्त्यांचा डेक (संच) भेट दिला. स्वतःला समजून घेण्यासाठी त्याचा उपयोग होतो, असे ती म्हणते, म्हणून मी रोज सकाळी एक पत्ता काढते. पत्ता वाईट निघाला की दिवसभर जीव टांगणीला लागतो. सध्या बढती स्वीकारून पुण्याला जावे की नाही, या विवंचनेत मी आहे. तोच प्रश्न पत्त्यांना रोज विचारते आणि उत्तर रोज वेगळे येते. सासूबाई याला थोतांड म्हणतात. हे बंद करावे का?

उत्तर : बंद करण्याची गरज नाही, मात्र पत्त्यांकडून आपण जे मागत आहात, ते बदलावे लागेल. नीट पिसलेल्या 78 पत्त्यांतून कोणता पत्ता हाती येईल, हा निव्वळ योगायोग असतो. आपली बढती, पुणे, घरची परिस्थिती यांतले काहीही त्या पत्त्याला ठाऊक नसते, त्यामुळे देवाला कौल लावावा तसे त्याला ‘जाऊ की नको’ विचारले, तर रोज निराळे उत्तर येणारच. भविष्यकथनापुरता सासूबाईंचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे.

या पत्त्यांचा इतिहासही तेच सांगतो. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते जन्मले ते खेळण्यासाठी. त्यांना भविष्याशी जोडले गेले अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान या पत्त्यांत दडले आहे, असे कूर द जेबलँ या लेखकाने 1781 मध्ये जाहीर केले, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणाला वाचताही येत नव्हती. आज घरोघरी दिसणारा डेक त्याहून पुष्कळ अलीकडचा, म्हणजे 1909 मधला आहे. लंडनमध्ये गूढविद्येचे अभ्यासक आर्थर वेट यांच्या कल्पनेनुसार पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने तो रेखाटला. आत्मचिंतनासाठी टॅरो उपयोगी पडतो, त्याचे मोठे श्रेय मी या बाईंना देते. त्यापूर्वीच्या बहुतेक डेकमध्ये अंकांच्या पत्त्यांवर आपल्या नेहमीच्या पत्त्यांप्रमाणे नुसते पेले किंवा तलवारी मोजून काढलेल्या असत. त्यांनी तिथे माणसे आणली, प्रसंग आणले आणि प्रत्येक प्रसंग अर्ध्यावर सोडला. उरलेला अर्धा भाग पाहणारा स्वतःच्या मनातून भरतो, आणि आपल्याला हवे आहे ते नेमके हेच.

‘एट ऑफ स्वोर्ड्‌स’ हा पत्ता समोर ठेवून पाहा. डोळ्यांवर पट्टी बांधलेली, हात जखडलेली एक स्त्री ओलसर जमिनीवर उभी आहे. तिच्या मागे आणि बाजूंना आठ तलवारी रोवलेल्या आहेत आणि दूर कड्यावर एक वाडा दिसतो. डेकसोबत येणाऱ्या पुस्तिकेत याचा अर्थ ‘कोंडी’ असा काहीसा दिलेला असतो. पण चित्र पाच मिनिटे शांतपणे न्याहाळले, तर तिचे पाय मोकळे आहेत आणि समोर एकही तलवार नाही, हे लक्षात येते. एखादीला आधी पट्टी दिसेल, एखादीला तो वाडा, आणि एखादी विचारेल की हिला बांधून लोक गेले कुठे. आपल्याला आधी काय दिसले आणि ते पाहून पोटात काय ढवळले, हे लिहून काढण्याजोगे आहे.

म्हणून क्रम उलटा करावा. पत्ता काढण्यापूर्वी वहीत प्रश्न लिहावा, आणि तो हो-नाहीचा नसावा. ‘पुण्याला जाऊ का?’ याऐवजी ‘पुण्याला जाण्यातली कोणती गोष्ट मला सर्वांत जड वाटते आणि ती मी घरात कोणाजवळ बोलले आहे का?’ असे विचारावे. मग चित्र पाहून सुचेल ते लिहावे. पुस्तिका उघडायची ती त्यानंतरच. हा आग्रह मी मुद्दाम धरते. मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी 1948 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर वाटला, आणि तो आपल्याला किती लागू पडतो याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी चाराहून अधिक गुण दिले. पुस्तिकेतली वाक्येही अशीच कोणालाही लागू पडतात, तेव्हा मोल आहे ते आपण स्वतः लिहिलेल्या ओळींना.

एका प्रश्नासाठी एकच पत्ता काढावा. त्यातून सुचलेली एखादी कृती, मग ती पतीशी सविस्तर बोलण्याची असो वा नव्या जागेचा पगार आणि घरभाडे यांचा हिशेब मांडण्याची, पार पडेपर्यंत तोच प्रश्न पुन्हा काढू नये. रोज पत्ता पाहून धास्ती वाटत असेल, तर रोजचा नेम सोडून आठवड्यातून एकदाच, तेही निवांत संध्याकाळी बसावे. ‘डेथ’चा पत्ता निघाला म्हणून घाबरण्याचे काहीच कारण नाही, त्या चित्रातही मागे दोन मनोऱ्यांच्या मधून सूर्य दिसतो.

प्रश्न : ऑनलाइन टॅरो वाचणाऱ्या एका बाईंनी माझ्यावर ‘नकारात्मक सावट’ असल्याचे सांगून उपायासाठी मोठी रक्कम मागितली आहे. मला रात्री झोप लागत नाही. काय करावे? (वाचक, ठाणे)

उत्तर : पैसे देऊ नयेत आणि त्यांच्याशी बोलणे आजच थांबवावे. भीती घालून पैसे मागणे याचा आत्मचिंतनाशी काडीचाही संबंध नाही. झालेला प्रकार घरातल्या विश्वासू माणसाच्या कानावर घालावा, आणि पैसे आधीच दिले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवावी. झोप न लागणे मात्र अंगावर काढू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेत 14416 या क्रमांकावर प्रशिक्षित समुपदेशकांशी विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.