ठाणे बेटावर आहे का, आणि परवानगीचं लचांड

तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. ऐरोलीहून दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ करता, 'ठाणे शहर खरंच बेटावर आहे का?' हा विषय घेतलाय, खाडीच्या धक्क्यावर मोबाइल काढला तर रखवालदाराने 'लेटर दाखवा' म्हणून हाकललं, आणि आता तीन कार्यालयांचे उंबरे झिजवताय. अहो, नेमका हाच विषय घेऊन मी नेमकी अशीच फिरले आहे. मी ठाण्यासमोरच्या, खाडीपलीकडच्या कळव्याची.

कॅमेरा कुठला, एडिटिंग कशावर, हे तुम्हाला येत असणारच. त्यात शिरत नाही, सरळ माझ्या चुकीवर येते.

मलाही धक्काच हवा होता. तो ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाचं नाव लिहीत नाही, उद्या पुन्हा तिथे काम पडलं तर? अर्जात एक रकाना होता, 'चित्रीकरणाचा उद्देश'. मी लिहिलं 'व्यावसायिक'. तेव्हा माझे सबस्क्रायबर 312, त्यातले निम्मे सासरचे, आणि कमाई शून्य. पण पुढेमागे चार पैसे मिळाले तर आज खोटं लिहिलं असं व्हायला नको, हा माझा सरळपणा. त्या एका शब्दापायी माझी फाइल सिनेमा-सीरियलवाल्यांच्या गठ्ठ्यात गेली. युनिटची यादी द्या, प्रत्येकाचं आधार द्या, जनरेटर व्हॅन किती ते लिहा, विमा दाखवा, दहा हजार अनामत भरा. युनिट म्हणजे मी आणि भाचा. जनरेटरपुढे त्याने 'पॉवर बँक, एक नग' लिहिलं, तर थट्टा करता का म्हणून अर्ज परत.

मी फेब्रुवारीत गेले होते. मग मार्चएंड आला, मग साहेब रजेवर, मग साहेबांची बदली, मग नवे साहेब 'विषय समजून घेतो' म्हणाले. लेटर हातात पडलं जूनमध्ये. एकच दिवस, सकाळी 11 ते 2. छत्री घेऊन पोचलो तर पूर्ण ओहोटी! 'चहूबाजूंनी पाणी आहे का' हे दाखवायला गेलेली मी, आणि समोर नजर जाईल तिथवर चिखल. तीन तासांत बगळे तेवढे छान मिळाले.

शेवटी व्हिडिओ कुठे झाला? कळव्याच्या पुलाच्या फुटपाथवर. चाळीस मिनिटांत, फोनवर, कुणाला न विचारता. तेच आधी सुचलं असतं तर चार महिने आणि भाच्याच्या सुट्ट्या वाचल्या असत्या. म्हणून माझं ठाम मत: प्रश्न असा फिरवून घ्या की उत्तर सार्वजनिक रस्त्यावरून दाखवता येईल. जागा आवडली म्हणून परवानगीच्या मागे लागू नका, छोट्या व्हिडिओला ते परवडत नाही. आणि अर्ज करावाच लागला तर त्या रकान्यात काय लिहिल्यावर फाइल कुठल्या टेबलावर जाते ते शिपायाला आधी विचारा. साहेबांपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

(मी वकील नाही. खोटं लिहा असं सांगत नाही. ड्रोनचं प्रकरणच वेगळं आहे, त्यात माझं ऐकू नका. रेल्वेच्या रुळांवर तर अजिबात उतरू नका, रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि जीव जातो तो निराळाच.)

आता तुमच्या विषयाकडे. उत्तर 'हो' आहे, म्हणजे शहराचा मोठा भाग तरी बेटावर आहे. मुंबईची उपनगरं आणि ठाणे ज्यावर आहेत ते साष्टी बेट. उत्तरेला उल्हास नदी आणि वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी. कळव्याच्या पुलाखालचं पाणी वर साकेतच्या अंगाला जाऊन उल्हासला मिळतं, म्हणून बेट पुरं होतं. लोकांना हे पटत नाही, कारण तिथे खाडी इतकी चिंचोळी आहे की नाला वाटते. एक गोष्ट जरूर घ्या. 1853 साली पहिली गाडी बोरीबंदरहून येऊन ठाण्याला थांबली. पुढे कल्याणला जायचं तर पाणी ओलांडणं आलं, पूल बांधून गाडी तिथे पोचली ती 1854 मध्ये. माझ्या सासूबाई अजूनही पूल ओलांडताना 'ठाण्याला चाललेय' म्हणतात. कळवा ठाण्याच्याच पालिकेत आहे हे त्यांच्या गावी नाही, पण भूगोल त्यांचा बरोबर आहे.

भरतीची वेळ ॲपवर बघा, किंवा कोळीवाड्यातला हिशोब शिका: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे मुंबईच्या किनाऱ्याचं, आपल्याकडे खाडीत वर पाणी चढायला थोडा उशीर लागतो. फ्लेमिंगोंनाही हाच हिशोब लागतो. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात, भरतीला नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या पाणथळीवर येतात. लोक उलट्या वेळी जाऊन 'पक्षी नाहीत' म्हणून रडतात.

पुढचा विषय हवा असेल तर ठाण्याचा किल्ला घ्या. रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्यालाही तो किल्ला आहे हे माहीत नसतं, कारण आत कारागृह आहे. 1816 मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून तिथून निसटले. बाहेर घोड्याची निगा राखणाऱ्याने गाण्यातून निरोप पोचवला म्हणतात. पण तिथे भिंतीकडे कॅमेरा नको, तलावपाळीवर बसून सांगा.

अनामत? ती सहा महिने अडकली होती. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात 'माझी फाइल आज कुणाच्या टेबलावर आहे' एवढंच विचारलं. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, मला उत्तर आलंच नाही. बाविसाव्या दिवशी पैसे आले.

शॉर्ट्सला आता तीन मिनिटं मिळतात म्हणून तीन भरू नका, तुमचे दोनच बरे. पुलावर वारा फार, माइकला फोमची टोपी घाला. आणि ट्रायपॉड न्यावा का असं विचारलंय तुम्ही. नको. ट्रायपॉड दिसला की रखवालदाराच्या लेखी तुम्ही युनिट होता.