वाकणाऱ्या पण न तुटणाऱ्या वस्तूसाठी इंग्रजीत नेमकं विशेषण कोणतं? ‘फ्लेक्सिबल’ चालेल का?

‘फ्लेक्सिबल’ चुकणार नाही, पण तुम्ही विचारताय त्याला जास्त चपखल शब्द ‘प्लायबल’. स्पेलिंग बघून बरेचजण ‘प्लिएबल’ वाचतात. सुरुवात ‘प्लाय’चीच करा.

हा शब्द मला कळला तो सोलापुरात, आमच्या घरात. आई विड्या वळायची. तेंदूचं पान कोरडं असलं की नुसतं दाबलं तरी कडकन मोडतं. म्हणून ती पानं पाण्यात भिजवून रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी त्यातलं एक पान काढून बोटाभोवती गुंडाळून बघायची. शिरेपाशी चीर गेली नाही की मगच कात्री हातात घ्यायची. पुढे पत्र्याच्या साच्यावर कापणं, तंबाखू भरून वळणं, टोक दुमडून दोरा बांधणं, सगळं त्या ओलाव्यावर अवलंबून. शाळेत असताना शब्दकोशात ‘प्लायबल’चा अर्थ वाचला आणि आईच्या बोटावरचं ते पानच डोळ्यांपुढे आलं. तेव्हापासून शब्द विसरलेले नाही.

आता फरक. स्टीलची पट्टी वाकवून सोडली की टणकन सरळ होते. तिला फ्लेक्सिबल म्हणा. प्लायबल वस्तू सहसा हात नेईल तिकडे वळते आणि बरेचदा तशीच राहते: भिजवलेला वेत, ओलं चामडं, कोमट मेण. रोजच्या बोलण्यात ही रेघ पुसट होते, त्याला इलाज नाही. धातूंसाठी मात्र वेगळे शब्द आहेत. ठोकून पत्रा होतो तो ‘मॅलिएबल’, ओढून तार निघते तो ‘डक्टाइल’. तांबं दोन्ही आहे. उलट अर्थाचा शब्द ‘ब्रिटल’. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी छान दुमडते, ती प्लायबल. आणि त्याच पिठाची आपली कडक भाकरी ब्रिटल.

मूळ लॅटिन ‘प्लिकारे’, म्हणजे घडी घालणे. त्यातून फ्रेंच ‘प्लिए’ आला, वाकवणे. पक्कडीला ‘प्लायर्स’ म्हणतात तेही यातूनच, तारा वाकवते म्हणून.

एक सांभाळा. माणसाला फ्लेक्सिबल म्हटलं तर ते कौतुक, जुळवून घेणारा. प्लायबल म्हटलं तर कुणीही वळवावं तसा वळणारा, असा अर्थ निघतो. नोकरीच्या अर्जात स्वतःबद्दल लिहिताना ‘फ्लेक्सिबल’च लिहा.