पगारी रजा संपत आली, बाळासाठी दूध काढून कसं ठेवायचं?

रजेचा पगार संपला म्हणून तान्ह्या बाळाला सोडून कामावर जावं लागणं जाचक आहेच, पण त्यासाठी अंगावरचं दूध तोडू नका. दोन-तीन आठवडे आधीपासून सकाळी बाळाला पाजून झाल्यावर पंपाने काढायला लागा. सुरुवातीला ३० मिली निघालं तरी पुष्कळ. स्तनाग्रं दुखली तर बहुधा पंपाचं नरसाळं (स्तनावर लावायचा भाग) मापाचं नसतं. पंपाची ओढ वाढवून दूध वाढत नाही. ६०-९० मिलीच्या पिशव्या भरा, तारीख टाका. २५ अंशांपर्यंत बाहेर ४ तास, फ्रिजमध्ये (आतल्या बाजूला, दारात नको) ४ दिवस टिकतं. मायक्रोवेव्ह अजिबात नको, दूध सगळीकडे सारखं तापत नाही आणि बाळाचं तोंड भाजतं. कामावर दर तीनेक तासांनी काढा, नाहीतर स्तनात गाठी धरतात.