पॅनमनची लेक आणि मळीतलं प्लास्टिक

निफाड तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. ते साखर कारखान्यात पॅनमन आहेत, म्हणजे पॅनमध्ये रस आटवून साखरेचा दाणा पाडणारे. मुलगी नाशिकला मायक्रोबायोलॉजीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. तिनं प्रोजेक्टला 'मळीपासून (साखर काढून उरलेल्या काळ्या पाकापासून) जैवप्लास्टिक' घेतलंय. 'यावर पोट भरेल, की बीएडला घालू?' असं ते विचारतात.

भाऊ, या विषयाशी तुमची ओळख लेकीच्या आधीपासूनची आहे. शिळा ऊस आला की रस बुळबुळीत होतो, पॅनमध्ये दाणा सुईसारखा लांबट पडतो. ही करणी ल्युकोनोस्टॉक जिवाणूची. साखर खाऊन तो डेक्स्ट्रान बनवतो. कारखान्याला ती डोकेदुखी, पण शुद्ध केलेलं डेक्स्ट्रान दवाखान्यात शिरेतून देतात. तेही बायोपॉलिमरच, म्हणजे सजीवानं बनवलेला लांब साखळीचा पदार्थ, जैवप्लास्टिकसारखाच!

लेकीचे जिवाणू वेगळे. साखर भरपूर दिली आणि नत्र तोडलं की त्यांची वाढ अडते आणि ते पेशीत पीएचबीचे, म्हणजे याच जैवप्लास्टिकचे, कण साठवतात, आपल्या अंगावर चरबी चढते तसे. १९२६ मध्ये लेमॉईन या फ्रेंच शास्त्रज्ञानं हा पदार्थ ओळखला. सुदान ब्लॅक या रंगानं रंगवलेल्या स्लाइडवर ते काळपट ठिपके लेकीकडून एकदा बघून घ्या.

आता पोटाचं. नुसत्या जैवप्लास्टिकच्या भरवशावर राहू नका. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर 'स्वस्त मळी' लिहायची रीतच आहे, पण मळीला डिस्टिलरीचं गिऱ्हाईक असतं हे तुम्हाला कुणी सांगायला नको. त्यात तिच्यातले क्षार आणि रंग काढा, काही जिवाणूंसाठी साखर आधी फोडून द्या, शेवटी पेशी फोडून पीएचबी वेगळं करा. खर्च तिथं वाढतो, आणि पेट्रोलियमचं प्लास्टिक स्वस्त पडतं.

नोकरी देतं ते फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवायची टाकी, चालवण्याचं कसब. पीएच, हवा, फेस सांभाळणं, बॅच खराब झाली तर का झाली ते शोधणं. डिस्टिलरी, दिंडोरीकडच्या वायनरी, औषध कंपन्या, सगळीकडे हेच लागतं. म्हणून लेकीनं फक्त फ्लास्कवर थांबू नये. सरांच्या मागे लागून छोट्या फर्मेंटरवर एक तरी बॅच काढावी. एमएस्सीसाठी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा द्यावी. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये फर्मेंटेशन आणि अल्कोहोलचं शिक्षण मिळतं, तेही बघा. बीएड कुठं पळून जात नाही.

हंगामात तिला मळीचा नमुना तुम्हीच आणून द्या, लॅबमधल्या ब्रिक्सच्या (विरघळलेल्या साखर-क्षारांच्या प्रमाणाच्या) आकड्यासकट. कॅन मात्र आधी उकळत्या पाण्यानं धुवा.