अमेरिकेतल्या शाळांतच इतके गोळीबार का होतात? तिथे संस्कार कमी पडतात का?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. संस्कारांचा इथे काडीचा संबंध नाही. चिडलेली, एकटी पडलेली, वर्गात छळ सोसणारी पंधरा वर्षांची पोरं सांगलीत आहेत, ओसाकात आहेत आणि टेक्सासमध्येही आहेत. टेक्सासमधल्या पोराच्या बापाच्या कपाटात पिस्तूल असतं, एवढाच फरक. अमेरिकेत शंभर माणसांमागे साधारण १२० बंदुका, भारतात पाचेक, जपानमध्ये एकसुद्धा नाही. तिथल्या सीक्रेट सर्व्हिसने, म्हणजे राष्ट्राध्यक्षांना संरक्षण देणाऱ्या संस्थेने, शाळांमधल्या हल्ल्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. बंदूक वापरणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातूनच मिळवली होती.

आमचे दाजी ह्यूस्टनजवळ राहतात, मूळचे वाळवा तालुक्यातले. २०२० मध्ये सगळे घेत होते म्हणून त्यांनीही पिस्तूल घेतलं. २०२२ मध्ये टेक्सासमधल्याच युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, त्याच वर्षी दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे होतो. फराळ झाल्यावर दाजींनी मोठ्या कौतुकानं सगळ्यांना वर नेऊन ते दाखवलं. पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये, गोळ्या भरलेलं, कुलूप नाही. शेजारच्या खोलीत त्यांचा मुलगा आणि माझी दोघं खेळत होती. मी म्हटलं, दाजी, हे कुलपात ठेवा. तर म्हणाले, "अगं, आपल्या पोरांवर संस्कार आहेत. ही थेरं गोऱ्यांची." ताई म्हणाली, सणासुदीला कशाला हा विषय. मी मुलांना घेऊन हॉटेलवर गेले. ताई त्यावरून अजून धुसफुसते.

आता गंमत ऐका. दाजींच्या वडिलांकडे गावी बारा बोअरची बंदूक होती. परवान्यासाठी कलेक्टर कचेरीत खेटे घातले, घरी पोलीस चौकशीला आले, बंदूक कशाला हवी ते लिहून द्यावं लागलं. शिवाय निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची. म्हातारा दर वेळी शिव्या घालायचा. त्याच माणसाच्या मुलानं ह्यूस्टनला फॉर्म भरला, दुकानातच तपासणी झाली आणि जेवणाच्या वेळेआधी पिस्तूल घरी. घर तेच, संस्कार तेच. कुठला देश काय मागतो, एवढंच बदललं.

आणि आपल्याकडे होत नाही असंही नाही. २००७ मध्ये गुरगावच्या एका खासगी शाळेत आठवीतल्या मुलाला वर्गमित्रांनी गोळ्या घातल्या. पिस्तूल त्यातल्या एकाच्या वडिलांचं होतं.

ब्रिटनमध्ये १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. पुढच्याच वर्षी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी आली आणि त्यानंतर तिथल्या शाळेत असं हत्याकांड झालेलं नाही. जर्मनीत विनेन्डेनला २००९ मध्ये एका मुलानं १५ जणांना मारलं. पिस्तूल बापाच्या बेडरूममधलं, उघड्यावर ठेवलेलं. बापावर खटला झाला, शिक्षाही झाली. अमेरिकेत शाळेतल्या अशा हत्याकांडासाठी आईबापांना मनुष्यवधाचं दोषी ठरवायला २०२४ उजाडलं. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत चार विद्यार्थ्यांना मारणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना किमान दहा वर्षांचा तुरुंगवास झाला. ती बातमी मी दाजींना पाठवली. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

हे खरं की नुसत्या बंदुकांच्या संख्येवर सगळं ठरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच घरांत लष्करी रायफली असतात, पण शाळांत असं होत नाही. फिनलंडमध्ये मात्र २००७ आणि २००८ मध्ये लागोपाठ झालं. शिवाय अमेरिकेत गोळीनं मरणारी बहुतेक मुलं शाळेबाहेरच मरतात, घरात आणि रस्त्यावर. त्यातल्या आत्महत्याही कमी नाहीत. त्यामुळे मुलांना घेऊन तिकडे जाणार असाल तर शाळेला घाबरू नका. मूल कुणाकडे झोपायला जाणार असेल तर आधी विचारा, घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का. माणसं चिडतात, विशेषतः आपली. चिडू देत.

आणि दाजी, वाचत असाल तर, बंदुकीला लावायचं केबल लॉक बऱ्याच ठिकाणी पोलिसांकडे फुकट मिळतं.